काढून ठेवलेली जाड तार

मी गिटारची सहावी तार बोलतेय. सगळ्यांत वरची, सगळ्यांत जाड. मला एकच सूर येतो आणि तोही खर्जातला, तेव्हा माझ्याकडून गोडगोड ऐकायला मिळेल या आशेवर कोणी बसू नये. गोड बोलायला माझ्या खालच्या बारीक तारा आहेत. शिवाय मला जे सांगायचंय त्यात गोड असं फारसं काही नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या सरळ तारेभोवती निकेलची तार घट्ट गुंडाळली, टोकाला पितळेचा मणी अडकवला आणि वेटोळं करून मला कागदी पाकिटात टाकलं. पाकिटात आम्ही सहा बहिणी होतो. बारीक तिघी पहिल्या दोन महिन्यांतच तुटल्या. त्यांच्या जागी नव्या आल्या, त्याही तुटल्या. लीड, म्हणजे पुढे येणारे एकट्याचे सूर, वाजवणारा माणूस बारीक तारांना ओढतो, ताणतो, रडवतो. मला तो फारसा त्रास देत नाही. म्हणून मी पाच वर्षं टिकले, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

माझा मालक सोफे दुरुस्त करायचा. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात फोमच्या लाद्या, कापडाचे गठ्ठे, वाकड्या सुया, स्टेपल मारायचं यंत्र आणि पोट फाडून ठेवलेल्या खुर्च्या. शेजाऱ्यांनी शिव्या घालू नयेत म्हणून वरच्या मागच्या खोलीत त्याने भिंतींना उरलेल्या फोमचे तुकडे चिकटवले होते. घरात तो, त्याची बायको आणि त्याचा धाकटा भाऊ. धाकटा त्याला दादा म्हणायचा आणि तिला वहिनी. मीही तेच म्हणते. पाच वर्षं एका घरात काढल्यावर परकेपणा कशाला ठेवायचा?

दादाची एक सवय होती. माझी सगळी गोष्ट त्या सवयीवर उभी आहे, म्हणून ती नीट सांगते. दुकान उघडायच्या आधी तासभर तो गिटार घेऊन बसायचा. पहिली पाच मिनिटं दुसऱ्या कुठल्याही तारेला शिवायचा नाही. अंगठ्याने फक्त मला छेडायचा. मी घुमायचे, विरत आले की पुन्हा छेडायचा. खोली माझ्या सुराने भरली की मग सावकाश बारीक तारांवरचे सूर लावायला घ्यायचा.

आणि तिथे गंमत व्हायची. मी तीच, माझा सूर तोच. पण माझ्या जोडीला सात सुरांचा एक संच लावला की मी उदास वाटायचे, तरी कुठेतरी उजेड असलेली. त्यातले एकदोन सूर जरासे खाली ओढले की माझीच मला भीती वाटावी अशी व्हायचे. भलताच एखादा वर चढवला की मोकळी, जवळजवळ हसरी. या प्रकारांना ही मंडळी मोड म्हणतात. डोरियन, फ्रिजियन, मिक्सोलिडियन अशी त्यांची भारदस्त नावं आहेत आणि ती पाठ करून मिरवणारे पुष्कळ. पण मोड नुसत्या त्या सात सुरांत नसतो. ते सूर आणि खाली धरून ठेवलेला मुक्कामाचा सूर, या दोघांच्या नात्यात तो असतो. खाली मी नसेन तर सगळे मोड म्हणजे एकच शिडी, फक्त वेगवेगळ्या पायरीवरून चढायला घेतलेली. हे दादाला पक्कं ठाऊक होतं. मला तरी ते कोणी शिकवलं? त्याच्याच अंगठ्याने.

दर रविवारी दुपारी एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये दादाचा बँड वाजवायचा. ड्रम वाजवणारा त्यांचा म्होरक्या. त्याला सगळे कप्तान म्हणत. धाकटाही त्याच बँडमध्ये होता. नऊ वर्षं मागे उभा राहून, गाण्याला साथ देत, त्याने रिदम गिटारवर कॉर्ड धरले होते. जेवायला आलेली माणसं सहसा ताटातून मान वर काढत नसत. पण एक संथ गाणं होतं. त्याच्या मध्यावर गाणारा थांबायचा, बास गिटारवाला माझाच सूर, म्हणजे ई, धरून बसायचा आणि पुढची सोळा आवर्तनं दादाची असायची. ठरलेलं काही नाही, दर रविवारी नवं. तेवढा वेळ चमचे थांबायचे. दादाचा सगळा आठवडा त्या सोळा आवर्तनांसाठी असायचा, हे मी शपथेवर सांगेन.

एका सकाळी त्याने मला छेडलं, डावा हात गिटारच्या मानेवर ठेवला आणि बोटं घसरली. त्याने पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. मग तो गिटारसकट कुशीवर कलंडला. वहिनी धावत आली तेव्हाही मी घुमतच होते. मेंदूत गुठळी झाली होती. जीभ शाबूत राहिली, उजवी बाजू शाबूत राहिली. डावा हात मात्र गेला.

महिन्याभराने कप्तान भेटायला आला. चहा घेतला, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला, विषयावर येईना. शेवटी म्हणाला, "ते मधलं सोलो आम्ही सध्या गाळतोय. पण हॉटेलवाला विचारतो रे. मला कोणीतरी लागेल."

"सहा महिने दे," दादा म्हणाला.

कप्तानाने त्याच्या हाताकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. "धाकट्याला तयार कर की. घरचाच माणूस आहे. तिसऱ्या रविवारी ऐकतो. जमलं तर जागा त्याची. नाही जमलं तर बाहेरचा आणावा लागेल, आणि तो त्याचा स्वतःचा कीबोर्डवाला घेऊनच येणार. मग मला रिदमचीही गरज नाही."

धाकटा दारात उभा होता. त्याचे कान लाल झाले. "मी शिकेन," तो म्हणाला. नऊ वर्षांत त्याने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

"शिकशील ना. मी आहे की," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा दादाची गिटार घेऊन पलंगाशी बसला. दादाचं पहिलं वाक्य होतं, "आधी ती जाड तार काढून टाक."

धाकट्याला कळेना.

"तुझा हात रिदमचा आहे. सारखा वर पळतो. तार नसली की खाली राहायला शिकेल."

आता हे अगदीच भलतंसलतं नव्हतं. असं शिकवणारे असतात. म्हणूनच धाकट्याने ते डोळे झाकून मानलं. त्याने खुंटी फिरवली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगातला ताण गेला. मला फेकून द्यायला त्याचा जीव होईना, म्हणून त्याने वेटोळं करून गिटारच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलं, तारा छेडायच्या झिजलेल्या प्लेक्ट्रमांच्या आणि संपलेल्या बॅटरीच्या शेजारी. पुढचं सगळं मी तिथून ऐकलं.

"आणि सोबतीला काही लावायचं नाही," दादाने बजावलं. "रेकॉर्डिंग नको, काही नको. कान आळशी होतो."

कापडावर खुणा करायच्या खडूने त्याने उजव्या हाताने एका पुठ्ठ्यावर बोटं ठेवायच्या जागांचे सात साचे काढून दिले. "डीपासून सुरू केलं की पहिला. ईपासून सुरू केलं की दुसरा, तो डोरियन. मग तिसरा, फ्रिजियन. सूर तेच सात. नुसती सुरुवात बदलायची. एवढंच आहे ते."

यात शब्दाने खोटं काही नव्हतं. अर्धं होतं, इतकंच. हातचं राखून शिकवणाऱ्यांबद्दल मी ऐकून होते, पण दादा घरच्याच माणसाला मूळ गोष्ट सोडून बाकीचं शिकवत होता.

धाकटा दुकान उघडायच्या आधी बसायचा, जेवणाच्या सुट्टीत बसायचा. सुया टोचून त्याची बोटं आधीच निबर झाली होती, आता त्यांवर तारांचे व्रण पडले. सात साचे वर, सात साचे खाली. आठवड्याने तो म्हणाला, "दादा, एक विचारू? मला हे सातही सारखेच ऐकू येतात. नाव बदलतं, पण मी एकच काहीतरी वाजवतोय असं वाटतं."

दादाने त्याच्याकडे न बघता सांगितलं, "बोटं बसली नाहीत अजून. घास."

मी कप्प्यात तडफडत होते. ते सारखेच होते, कारण त्यांच्याखाली मी नव्हते. पोराचा कान अगदी धडधाकट होता. त्याला जे ऐकू येत होतं तेच खरं होतं, आणि त्या खऱ्यालाच तो आपला दोष समजत होता.

दुसऱ्या आठवड्यात त्याने विचारलं, "थांबायचं कुठे?"

"डीवर. मध्ये काहीही वाजव, संपताना डीवर ये. तिथे माणूस कधी फसत नाही."

हे मात्र उघड खोटं होतं. त्या गाण्यात बास गिटार ई धरते. पाच वर्षांत दादा एकदाही डीवर जाऊन थांबला नव्हता. त्याचं प्रत्येक वाक्य भटकून भटकून शेवटी माझ्यापाशी यायचं.

जाड तार काढलेली वहिनीच्याही नजरेतून सुटली नव्हती. दादाची चादर बदलताना ती म्हणाली, "जाड तार का काढायला लावलीत? तुमचा तर दिवसच तिच्यावर सुरू व्हायचा."

 दादा म्हणाला, "सहा महिन्यांत हात येईल माझा. तोवर जागा राहायला हवी."

"आणि भाऊजींचं काय?"

"त्याची रिदम आहे ना. ती कुठे जातेय? कप्तान नुसता बोलतो. बाहेरचा माणूस आणायची हिंमत नाही त्याच्यात. थांबेल माझ्यासाठी."

वहिनीने चादरीचं टोक गादीखाली खोचलं. तिला धाकट्याला सांगता आलं असतं. पण आपल्याला गाण्यातलं काय कळतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मी तिला नावं ठेवत नाही. मला तर सगळं कळत होतं आणि तरी मी वेटोळं होऊन पडून होते.

तिसऱ्या रविवारी धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. पिशवी भिंतीला टेकवलेली होती. संथ गाणं आलं, गाणारा थांबला आणि बास गिटारने माझा सूर धरला. फरशीतून तो माझ्यापर्यंत पोचला. मला वाटलं, आता तरी याला ऐकू येईल.

त्याचं पहिलं वाक्य स्वच्छ होतं. एकही सूर वावगा नाही. आणि शेवटी ते डीवर उतरलं. दुसरं निघालं, छान वर चढलं, डीवर उतरलं. दारापर्यंत येऊन एक पायरी खालीच उभं राहावं, तसं. माणसांनी सवयीने माना वर केल्या होत्या. ती थोडी थांबली, मग एकेक चमचा पुन्हा वाजायला लागला. काहीतरी बसत नाहीये हे धाकट्यालाही जाणवलं असणार, कारण तो जास्त भरभर वाजवायला लागला. पण तीन आठवडे घासलेली बोटं कुठे ऐकतात? ती प्रत्येक वेळी इमानेइतबारे डीवर गेली. सोळाच्या सोळा आवर्तनं.

हॉटेलच्या मागच्या खोलीत झांजा पिशवीत भरता भरता कप्तान म्हणाला, "सूर एकही चुकला नाहीस. पण तू कुठे पोचतच नाहीस रे."

"अजून घासतो मी. दोन आठवडे दे."

"ही घासायची गोष्ट नाही. काहींच्यात असतं, काहींच्यात नसतं. मनाला लावून घेऊ नकोस."

पुढच्या रविवारी नवा लीडवाला उभा राहिला, बरोबर त्याचा कीबोर्डवाला. दादाची जागा गेली आणि धाकट्याचीही.

कप्तानाने नाही म्हटलं त्याच दुपारी घरी येऊन धाकटा पलंगाशी बसला. मला वाटलं, आता तरी दादा तोंड उघडेल. पण बोलला तो धाकटाच. "माझ्यात नाहीच ते, दादा. तू एवढ्या आजारपणात माझ्यावर मेहनत घेतलीस. तुझी जागा मी घालवली. माफ कर मला."

दादाने घसा खाकरला आणि पाणी मागितलं. धाकट्याने उठून पाणी दिलं.

सहा महिने झाले. हात आला नाही. धाकटा रोज सकाळी वर येऊन दादाच्या डाव्या हाताला तेल लावायचा. मिटलेली बोटं एकेक करून उघडायचा, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, आणि दहापर्यंत मोजून सोडून द्यायचा. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं, न चुकता. मग खाली जाऊन दुकान उघडायचा. स्वतःची गिटार त्याने माळ्यावर टाकली होती. दादाची गिटार पाच तारांनिशी भिंतीवर लटकत होती. मी खाली, तिच्या पिशवीत.

एकदा वहिनी सहज म्हणून गेली, "भाऊजी आता काम करताना गुणगुणतही नाहीत. आधी खालून सारखं काहीतरी ऐकू यायचं."

दादा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वहिनीला मला शोधून काढायला लावलं. तिने आयुष्यात कधी तार लावली नव्हती. दादा सांगत गेला, ती खुंटी पिळत गेली. मी गंजले होते, किरकिरत होते, पण चढले. दादाने अंगठ्याने छेडून पाहिलं. "अजून. अजून थोडं. बास." मग त्याने धाकट्याला हाक मारायला सांगितलं.

"गिटार घे," तो म्हणाला.

"नको दादा. कशाला आता?"

"घे म्हणतो ना. बस इथे, टेकून. मी फक्त अंगठा लावतो. तू तुझा दुसरा साचा वाजव."

धाकटा त्याच्या कुशीशी पलंगाच्या कडेवर बसला. दादाने उजवा हात पुढे करून मला छेडलं. मी घुमले. माझ्या आवाजात पूर्वीची चमक नव्हती, पण सूर माझाच होता. धाकट्याने वाजवायला घेतलं आणि वाक्याच्या शेवटी बोटं आपसूक डीवर गेली.

"तिथे नाही," दादा म्हणाला. "एक पायरी वर."

धाकटा ईवर आला, माझ्यावर आला. आणि पोचला. मला ते माझ्या अंगात कळलं. त्यालाही कळलं, कारण तो श्वास घ्यायचा थांबला.

"आता तिसरा साचा. पण डी विसर. इथूनच सुरू कर, ईपासून."

खोली अंधारल्यासारखी झाली. "आता पाचवा. इथूनच." आणि उजाडलं. तेच बोटांचे साचे, तेच व्रण. पण आता प्रत्येकाला स्वतःचा चेहरा होता. धाकटा वाजवत सुटला. अर्धा तास, पाऊण तास. त्याने एकदाही स्वतःच्या बोटांकडे पाहिलं नाही. मी पाच वर्षं दादाला ऐकलंय, तेव्हा माझ्या म्हणण्याला काही किंमत असेल तर सांगते: धाकटा दादाहून चांगला होता.

मग तो मध्येच थांबला. मी अजून घुमत होते.

"तू रोज असंच करायचास," तो हळू म्हणाला. "सकाळी. आधी नुसती ही तार, कितीतरी वेळ. मी खाली फोम कापताना ऐकायचो. मला वाटायचं, तू तारा जुळवतोयस."

 दादाचा अंगठा माझ्यावर तसाच होता.

"मग ही काढायला का लावलीस?"

दारात उभी असलेली वहिनी दुसऱ्या खोलीत निघून गेली. दादाने भिंतीवरच्या फोमकडे बघत सांगितलं, "ही असती तर तुला आलं असतं म्हणून."

मला वाटलं, आता हा गिटार आपटेल. ओरडेल तरी. पण धाकट्याने गिटार पलंगावर ठेवली. दादाचा डावा हात मांडीवर घेतला आणि मिटलेली बोटं एकेक करून उघडली. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. प्रत्येकाला दहापर्यंत मोजलं, या वेळी मनातल्या मनात. मग हात चादरीवर ठेवून तो खाली गेला.

त्याला आता वर्ष होत आलं. धाकटा रोज सकाळी वर येतो, तेल लावतो, बोटं उघडतो, मिटू देतो. दादाशी बोलत नाही. गिटारकडे बघत नाही. दादा दोनतीनदा "अरे" म्हणाला, तेवढंच.

माझी अवस्था फारशी बरी नाही. गंज आतपर्यंत गेलाय. अंगठ्याचं तेल आणि धूळ माझ्या वेढ्यांत बसलीय. खालच्या पाच जणींपैकी दोघी नुसत्या टांगून राहून तुटल्या. दादा दुपारी गिटार मागून घेतो, पोटावर आडवी ठेवतो आणि मला छेडतो. एकच सूर, पुन्हापुन्हा. त्यावर वाजवणारं कोणी नाही. आपण कोणाला बोलावतोय हे तो सांगत नाही, पण मला विचाराल तर मी सांगेन.

धाकट्या, मी तुझ्याशी बोलतेय. दादाला माफ कर असं मी म्हणत नाही. जे त्याने केलं ते मी कप्प्यातून कानांनी ऐकलंय, मला ते माफ करता येत नाही. पण त्याने तुझ्यापासून जे लपवलं ते मीच होते, आणि मी आता इथे आहे, चढवलेली, सुरात. फार दिवस नाही राहणार. तू वर ये. माझ्यावर वाजव. त्याच्याकडे पाठ करून बसलास तरी चालेल.

दादा मला छेडतो तेव्हा फरशीखाली तुझ्या स्टेपल मारायच्या यंत्राचा आवाज थांबतो. मी घुमते तोवर थांबलेलाच राहतो. मी विरले की पुन्हा सुरू होतो.